वेल्कोबाची कादंबरी आणि भाकरतुकडा

शिरूर कासारच्या आमच्या ऊसतोड टोळीत त्रिंबकतात्यांचा कोयता सगळ्यात मंद आणि जीभ सगळ्यात चपळ. तरी मुकादम त्यांना दरवर्षी न्यायचा, कारण तात्यांची गोष्ट चालू असली की बायांना मोळ्या बांधताना शीण कळत नसे. मी तेव्हा टोळीतली नवी सून. तोंड मिटून आणि कान उघडे ठेवून ऐकायचे.

तात्या दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. पायाला गोळी लागून दवाखान्यात पडले, तर शेजारच्या खाटेवर मॉन्टेनेग्रोचा एक जखमी लेखक. त्याच्या भाषेत त्या देशाच्या नावाचा अर्थ काळा डोंगर. त्याचं स्वतःचं नाव वेल्को, पण तात्यांनी त्याचा वेल्कोबा केला. तो पडल्यापडल्या युद्धाची कादंबरी लिहायचा आणि तात्यांना सांगायचा, थोडी तोडक्यामोडक्या इटालियनमध्ये, उरलेली हातवाऱ्यांनी. काळ्या डोंगरातला एक पोरगा जर्मनांशी लढतो आणि बर्फ तुडवत आईकडे परततो. पोरगा घराच्या दारापर्यंत आला आणि इकडे वेल्कोबा बरा होऊन पुन्हा लढाईवर गेला. पुढचं तात्यांना कळलंच नाही.

तात्या स्वतः गावी परतले तेव्हा त्यांची आई वारली होती. दाराला कडी होती. ती काढून ते एकटेच आत गेले. हे साऱ्या टोळीला ठाऊक होतं, म्हणून गोष्ट दारापाशी आली की तात्या तंबाखू मळायला घेत आणि कोणी त्यांना टोकत नसे. मला मात्र राग यायचा. पोराला थंडीत उभं तरी किती वर्षं ठेवायचं?

बहात्तरच्या दुष्काळात ऊसच वाळला. सहकारी कारखान्याचा पट्टा लवकर पडला, गाळप थांबलं आणि आम्ही गावाजवळच्या खडीच्या कामावर आलो. दुपारी रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकर खाताना गोष्ट पुन्हा दारात येऊन अडली.

चतुराबाई म्हणजे टोळीतली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात भांडखोर बाई. ती म्हणाली, "तात्या, पोरावरून भाकरतुकडा ओवाळला का न्हाई? परमुलखातून आलेलं माणूस त्याच्याबिगर आत कसं जाईल?"

"त्यांच्यात ती चाल न्हाई, चतुराबाई."

"मंग जर्मन मागं लागतील न्हाई तर काय."

सगळे हसले. तात्या हसले नाहीत. "ओवाळायला माय पाहिजे," ते म्हणाले. "माझ्यावरून तरी कुणी ओवाळला?"

चतुराबाई उठली. तिने तात्यांना हाताला धरून उभं केलं, आपल्या भाकरीचा तुकडा मोडला, त्यांच्यावरून ओवाळला आणि लांब फेकून दिला. मग टँकरचं तांब्याभर पाणी त्यांच्या पायांवर ओतलं. त्या वर्षी पाण्यासाठी सख्ख्या जावा भांडत होत्या, पण कोणी हूं की चूं केलं नाही. मला रडू आलं आणि हसूही आलं.

"आता जा आत," चतुराबाई म्हणाली.

तात्यांनी पटक्याच्या सोग्याने डोळे पुसले, ओल्या पायांनी खाली बसले आणि तंबाखूला हात न लावता पुढे सांगू लागले. काळ्या डोंगरातल्या म्हातारीने दार उघडलं. पोराला खालून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "लई वाळलास रे. इतका उशीर कावून केला?"