साहेबांचे बूट

परवा सरकारी दवाखान्यात फिनेलचा वास आला आणि मी थेट रत्नागिरीतल्या आमच्या मूकबधिर शाळेत जाऊन पोचलो. मी तिथे नवा शिक्षक होतो. आरोग्य तपासणीला मोठे साहेब येणार म्हणून सगळी शाळा सकाळीच फिनेलने पुसली होती.

साहेबांनी मुलांना पाठमोरं उभं केलं आणि मागे जोरात बूट आपटला. लाकडी फळ्यांची जमीन हादरली. सगळी मुलं एकदम वळली.

"ऐकू येतंय की ह्यांना!" साहेब कडाडले. "घरी पाठवा सगळ्यांना!"

छोट्या शकूने त्यांच्या ओठांवरून 'घरी' तेवढं ओळखलं आणि तिचा चेहरा उतरला. तिच्या घरी हातांनी बोलणारं कुणीच नव्हतं.

"साहेब, फळ्या हादरल्या म्हणून वळली ती," मुख्याध्यापक बाई म्हणाल्या.

"बाई, वैद्यकी मी शिकलोय."

"तर काय! चहा अंगणात मांडलाय. तिथे पुन्हा बघा."

अंगणातल्या घट्ट जांभ्या दगडावर साहेबांनी पाठमोऱ्या मुलांमागे बूट आपटले, आरोळ्या ठोकल्या, कपबशी वाजवली. एकही मूल वळलं नाही. मुलांना समोर वळवल्यावरही त्यांनी खात्रीसाठी बूट थोडे आपटून पाहिले.

"समुद्राचा वारा लागला की कान बंद होतात ह्यांचे," असं निदान झालं आणि शाळा वाचली. तेव्हा मी हसू दाबत होतो. आज वाटतं, शकूचं सगळं शिक्षण एका बुटाखाली होतं.

साहेब निघाले तेव्हा शकूने हातवारे करून बाईंना काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?" साहेब म्हणाले.

"आभार मानतेय," बाई गंभीरपणे म्हणाल्या.

ती विचारत होती, हे नाचायला पुन्हा कधी येणार?