भरावाखालची मोरी आणि तिघांचं पाणी

बेलिफ समन्स घेऊन आला तेव्हा मी तलावात अशी बुडी मारली की मासोळ्यांनी मला भाडेकरू ठेवून घेतलं. पुढच्या खेपेला त्यानं काठावर बसून वॉरंटाचं नाव काढलं आणि मी ओल्या लुंगीतच सही ठोकली.

खटला आमच्या शेजारणीचा. रेल्वेनं दुसरी लाइन टाकताना भरावाखालची जुनी मोरी बुजवली. तेव्हापासून पावसाळ्यात तिच्या बांधीत, धानाच्या खाचरात, पाणी तुंबतं आणि रोवलेलं धान सडतं. नवरा नाही, दुसरं शेत नाही. मोरी उघडून द्या, एवढंच तिचं मागणं. रेल्वेचं म्हणणं, पाणी जेमतेम घोटाभर थांबतं, धानाला बरंच.

आधी निम्मं गाव साक्षीला तयार होतं. तारखा पडत गेल्या तशी माणसं गळली. सिंदेवाहीहून निघालेली आमची बस कोर्टाची वाट न विचारता आपणहून वळू लागली, व्हरांड्यातल्या बाकाला आमच्या बसण्यानं असे खळगे पडले की पावसात त्यात झिंगे सापडावेत. शेवटी उरलो तिघं : ती, तलावात मासे धरणारा एक ढिवर आणि मी.

आमच्याकडे पाणी अंगावरच मोजतात. बुटकी शेजारीण पिंजऱ्यात उभी राहून म्हणाली, कमरेपर्यंत. मी आयुष्यात प्रथमच काही न वाढवता सांगितलं, मांडी बुडेपर्यंत. ढिवर म्हणजे ताडाच्या झाडाशी डोळ्याला डोळा देऊन बोलणारा माणूस. तो म्हणाला, "गुडघ्याच्या जराक वर."

रेल्वेचे वकील खुलले. "एक शेत, एक दिवस आणि तिघांचं पाणी तीन! खोटं कोण बोलतंय?"

"कोणीच नाई जी," ढिवर म्हणाला. "बाईच्या बाजूले उभं करून पाहा ना मले."

"फुटांत सांगा."

"फूटपट्टी घेऊन कोन उतरते बांधीत? आमी पाय घेऊन उतरतो."

कोर्ट हसलं. न्यायाधीशांनी मात्र पेन खाली ठेवलं आणि आम्हा तिघांना भिंतीशी ओळीनं उभं केलं. मग उंची मोजायला टेप मागवला. साऱ्या इमारतीत टेप मिळेना. तेवढ्यात वकिलांनी उलटतपासणीसाठी मुदत मागितली आणि मिळालीही. भिंतीशी उभे होतो तसेच, न मोजलेले, आम्ही बाहेर आलो.

ढिवर चहाला गेला. शेजारीण पदर पिळत म्हणाली, "भाऊ, पुढच्या तारखेले येसान ना? तुमी थकले, दिसून राह्यलं मले. पन तुमी दोघंच राह्यले आता."

एरवी मला कुणी वेळ विचारली तरी मी गोष्ट सांगतो. त्या दिवशी एकही सुचली नाही.

"येतो बाई," म्हटलं.

तिनं मान हलवली आणि बसकडे पळाली. सकाळपासून पाऊस थांबला नव्हता आणि तिच्या बांधीत धानाचा रोवणा नुकताच आटोपला होता.