देवदारताईच्या साठ कुंड्या

आयर्लंडमधल्या कॉर्कमध्ये पावसावर चिडणारी माणसं पुष्कळ भेटली. पाऊस झाडांना लाडावून ठेवतो म्हणून चिडणारी एकच, आमची देवदारताई. भूमध्य समुद्राकाठच्या डोंगरांतल्या जंगलांवर तिची पीएचडी चालली होती. वर देवदार, खाली पानगळीचे ओक. "हिवाळ्यात बर्फ, आणि उन्हाळ्यात महिनोन् महिने थेंब नाही. आपल्या बरोब्बर उलटं," ती समजवायची.

आम्ही एकाच भाड्याच्या घरात राहायचो. फ्रिजमध्ये ओल्या वाळूत तिच्या बिया असायच्या. "थंडी खाल्ल्याशिवाय जाग्या होत नाहीत गं," ती म्हणे. दही समजून मी तो डबा दोनदा उघडला होता.

युनिव्हर्सिटीचं काचघर दुरुस्तीला निघालं, तेव्हा तिने देवदाराची साठ रोपं घरी आणून मागच्या काचेच्या खोलीत मांडली. उन्हाळाभर त्यांना पाणी द्यायचं नव्हतं. ज्या झाडांची रोपं तगतील, त्याच झाडांचं बी वणव्याने बोडक्या झालेल्या डोंगरांवर पेरायचं होतं. तिची तीन वर्षांची मेहनत त्या कुंड्यांत होती.

मध्येच तिला दहा दिवस मोरोक्कोच्या डोंगरात जावं लागलं. माझी आई तेव्हा पुण्याहून आली होती. "काकूंना सांगशील ना, पाणी नको म्हणून?" निघताना ताईने विचारलं. "सांगते गं," म्हटलं आणि साफ विसरले.

आई आंघोळ झाली की तुळशीला पाणी घालते. इथे तुळस नव्हती. तिने रोज साठही रोपांना घातलं.

ताई परतल्यावर आई कौतुकाने म्हणाली, "अगं, पार सुकली होती बिचारी. बघ आता!" ताईने एका कुंडीत बोट खुपसलं. तिचा चेहरा उतरला, पण म्हणाली, "ग्रँड दिसतायत, काकू. थँक यू."

माझ्या खोलीत येऊन मात्र ती ढसाढसा रडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तोंडून गेलंच, "दहाच दिवस तर! गाईडना कशाला सांगतेस?" डोळे पुसत ती म्हणाली, "खोट्या आकड्यांवर लावलेली झाडं तिकडे मरतील ना." दुसऱ्या दिवशी तिने सगळं सांगून टाकलं आणि नव्याने बिया घातल्या. पीएचडी वर्षभर लांबली, ठरलेलं लग्नही पुढे गेलं. आईला काही कळू द्यायचं नाही, एवढंच तिने मला बजावलं.

आता ती स्पेनमध्ये झाडं लावते. महिन्याकाठी आईला फोन करते. "साठच्या साठ जगवली होती मी तुझी, आठवतं ना?" आई हमखास विचारते. आकड्यांत एवढंसं खोटं न खपवणारी ती बाई माझ्या विसरभोळेपणापायी दर वेळी म्हणते, "तुमच्यामुळेच तर, काकू."