रिकामी वाटी

मी आज जो काही आहे, तो रूथबाईंमुळे. आमच्या गावातल्या मिशन शाळेत त्या शिकवायच्या. मी तालुक्याला कॉलेजात गेलो, तेव्हा निवृत्त होऊन त्याही तिथंच राहायच्या आणि रोज माझ्या खोलीवर डबा पाठवायच्या.

आज शेजारच्या काकूंची खिरीची वाटी धुतली आणि तीत घालायला साखर पाहिली, तर साखर संपलेली. वाटी रिकामी परत करायची नाही, ही आमच्याकडची रीत. वाटी हातात धरून उभा राहिलो आणि तो डबा आठवला.

माझ्याकडे त्या डब्यात घालायला कधीच काही नसे. शेवटी लाजेनं बाईंना खोटंच कळवलं, "खानावळ लावलीय." दोन दिवस पाण्यावर काढले. तिसऱ्या दिवशी बाई स्वतःच डबा घेऊन दारात.

"खानावळवाला जेवायला घालतो की नुसता वास देतो रे?"

मी खरं सांगितलं. त्या खाली बसल्या, डबा उघडला.

"चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घ्यायला आपण हात पुढं करतो, ते रिकामेच ना? भरल्या हातात देव भाकर ठेवील कुठं? जेव."

जेवलो, पण भुकेपोटी. त्यांचं म्हणणं आत उतरायला आजची वाटी लागली. दुपारी त्यांना पत्र टाकलं:

"बाई, सलाम. आज शेजारच्या काकूंना वाटी रिकामीच परत दिली. 'उद्या भाजी आणू का?' म्हणाल्या. मी 'आणा' म्हणालो."