कोंडीरामचं चोरटं तोंड

बेंबळीच्या कोंडीरामला देवानं सगळं धड दिलं, तोंड तेवढं चोराचं दिलं. एसटीत तिकीट हातात असलं तरी कंडक्टर जवळ आला की ह्याच्या कपाळाला घाम. पोलिसाची मोटारसायकल दिसली की हा उगीचच लांबून रामराम घालणार, आणि पोलीस हमखास थांबून विचारणार, "काय रं, कुठं निघालास?" शाळेत कुणाचीही पेन्सिल हरवली तरी मास्तर आधी ह्याच्याकडंच बघायचे.

अशा माणसानं शिवलिंगप्पांच्या खत-बियाण्याच्या दुकानात निम्मी हयात घालवली आणि तुरीचा दाणाही इकडचा तिकडं केला नाही. आप्पांना हे ठाऊक होतं. म्हणून तर गल्ल्याच्या दोन किल्ल्यांपैकी एक आप्पांच्या करदोड्याला असायची आणि दुसरी कोंडीरामच्या.

येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी गल्ला उघडला आणि आत हात घालून तसेच उभे राहिले. बँकेत भरायची नोटांची गड्डी जाग्यावर नव्हती.

"कोंडीराम, गल्ल्यातले पैसे कुठं गेले?"

"मला न्हाय ठावं, आप्पा," कोंडीराम म्हणाला. शब्द खरे होते, पण तोंडानं घात केला.

"माझी किल्ली माझ्यापाशी हाय. मग ऱ्हायलं कोण?" आप्पांचा आवाज मुळात मोठा, त्यात संतापलेले. समोर महांतप्पाच्या हॉटेलात चहाचे कप ओठापाशीच थांबले. "मीठ खाल्लेल्या घरात चोरी करतोस व्हय?"

कोंडीरामला घोर लागला. पैशापायी नाही. रविवारी माकणीचे पाहुणे त्याच्या पोरीचं, शिवांजलीचं लग्न ठरवायला यायचे होते. बेंबळीतली गोष्ट माकणीला पोचायला एसटी लागत नाही, मोबाइल पुरतो. पोरीचा बाप चोर म्हणल्यावर पाहुणे चहाला तरी टेकतील का?

किल्ली भिरकावून तरातरा घरी निघून जावं, असं त्याच्या मनात आलं होतं. पण तो युरियाच्या पोत्यावर मांडी घालून बसला.

"आप्पा, म्या आता घरला गेलो तर जल्माचा चोर ठरंल. म्या हितंच बसतो. तुम्ही माणूस धाडून माझं घर झाडून बघा."

ही बातमी कुणीतरी कडूबाईला सांगितली. कडूबाई म्हणजे कोंडीरामची बायको, आणि तिच्या तोंडाला देवानं कसलीच उणीव ठेवली नव्हती.

"माणूस कशाला? आप्पांना तसदी नको," असं म्हणून तिनं शेजाऱ्याचा टेम्पो बोलावला, सगळा संसार त्यात भरला आणि भर पेठेत आणून दुकानासमोर मांडला. ट्रंका, वाकळा, पिठाचे डबे, देवाचे फोटो सगळं आलं.

"बघा आप्पा! ही वाकळ झटका. ह्या डब्यात डाळ हाय, हात घाला की, लाजता कशाला?"

"आगं, लोणच्याची बरणी कशापायी आणलीस?" कोंडीराम हळूच म्हणाला.

"ठिवून आले तर म्हणतेल, लोणच्यात बुडीवले!"

खत न्यायला आलेली माणसं वाकळा झटकायला लागली. महांतप्पा कपाटाचं दार उघडझाप करून बघत होता. "वहिनी, हे इकायचं हाय का?"

शेवटी राहिली फडकं बांधलेली एक दुरडी.

"ही येळवशीची भज्जी," कडूबाई म्हणाली. "काल रानातनं निघताना तुमच्या घरच्या आक्कांनीच हातात दिली. अजून सोडली बी न्हाय."

सोडणार कोण? येळवशीला अख्खं गाव रानात जातं. कडब्याची कोप, म्हणजे लहान खोपटी, करून तिच्यात पूजा मांडायची, मग सगळ्या भाज्या-शेंगा एकत्र शिजवलेली भज्जी पोट तडकेपर्यंत खायची आणि वर आंबवलेली अंबील प्यायची. त्या अंबिलीनं माणूस बसल्या जागी घोरायला लागतो. आप्पांच्या रानात कोंडीरामचं सगळं घर जेवलं होतं. भज्जीचं नाव काढलं तरी ढेकर येत होती.

आप्पांनी फडकं सोडलं. आत भज्जी नव्हती. नारळ, हळदकुंकू आणि एक लाल थैली होती. आप्पांच्या आज्याचा निजामाच्या काळातला हाली रुपया त्या थैलीत असायचा आणि दरसाल येळवशीला कोपीत पूजेला बसायचा. यंदा थैली चांगलीच फुगली होती. आप्पांनी उलटी केली, तशी रुपयाच्या आधी नोटांची गड्डीच बाहेर पडली.

"घावला!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

कोंडीरामचं तोंड असं झालं, की क्षणभर त्याला स्वतःचाच संशय आला.

पण त्याहून वाईट तोंड झालं होतं आप्पांचं. येळवशीच्या आदल्या दिवशी दुकान बंद करायच्या घाईत, गड्डी सुरक्षित राहावी म्हणून त्यांनीच ती ह्या थैलीत कोंबली होती. सकाळी थैली उचलून रानात गेले, आणि मग अंबील प्याले. ते आता काही बोलणार, एवढ्यात गल्लीच्या टोकाकडून त्यांच्या बायको गिरिजाआक्का तशीच दुरडी घेऊन पळत आल्या.

"अवो, देवापुढच्या दुरडीला वास सुटलाय! आत भज्जी हाय! सकाळपास्नं आपण भज्जीला धूप दावतोय!"

झोपेच्या तारेत दुरड्यांची अदलाबदल आक्कांनीच केली होती.

"मग आक्का, पावली का न्हाय भज्जी?" कडूबाईनं विचारलं. पेठ लोटपोट झाली.

आप्पा कोंडीरामच्या कानाशी आले. "चुकलं बाबा. अंबील जरा जास्तच झाली."

"आप्पा, चोर म्हणलात पेठंत, आन् चुकलं म्हणता कानात?"

आप्पांना पेठेत म्हणावं लागलं, तेही मूळच्या आवाजात. मग टेम्पोत वाकळा चढवाव्या लागल्या, भाडं द्यावं लागलं. कोंडीरामनं वर एकच मागितलं. "रविवारी पाव्हण्यांम्होरं तुम्ही बसायचं."

रविवारी आप्पा कडक इस्त्रीचं धोतर नेसून, कपाळावर विभूती ओढून येऊन बसले. मुलाच्या मामानं चहाचा घोट घेतला आणि विचारलंच, "दुकानात कायतरी पैसे गेल्ते म्हणं?"

आप्पांना दरदरून घाम फुटला. नजर खाली, रुमाल कपाळावर. मामा कोंडीरामकडं झुकून कुजबुजला, "आवं, हे गृहस्थ कोण? तोंडावरनंच चोर वाटतेत."

"न्हाय पाव्हणं," कोंडीराम ताठ बसत म्हणाला, "माणसाच्या तोंडावर जाऊ नका. आप्पा लई सज्जन हायेत."

मग आप्पांनी सगळं सांगितलं, भज्जीच्या धुपासकट. मामाचा चहा हसूनहसून धोतरावर सांडला आणि डाग वाळायच्या आत सोयरीक जमली.

साखर वाटत कडूबाई आप्पांपाशी थांबली. "आप्पा, साखर घेता, का घोटभर अंबील आणू?"