मेपल सिरपसाठी खजूरवाल्याची साक्ष

"नो," कॅनडातली म्हातारी व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "वाळवंटात मी माझं सिरप पाठवत नाही."

मी मस्कतच्या एका हॉटेलात परचेस मॅनेजर. मेपल सिरप म्हणजे मेपलच्या झाडाचा रस आटवून केलेली काकवी. आमच्या अर्बाबने, म्हणजे मालकाने, नव्या ब्रेकफास्ट मेनूवर 'ऑरगॅनिक, छोट्या उत्पादकाकडून' असं छापूनही टाकलं होतं. घरात थेंब नाही.

"सावंत, सिरप नहीं तो मेनू खलास," तो म्हणाला. "तुम भी खलास."

म्हातारीचं स्वतःचं छोटं जंगल, मोजकी पिंपं. "गिऱ्हाईक पिंपं उन्हात टाकतं आणि नाव माझं खराब होतं," ती म्हणाली. "तुम्ही ज्याचा माल घेता अशा एखाद्या शेतकऱ्याशी मला बोलू द्या."

याला आमच्यात रेफरन्स म्हणतात. मी गाडी काढली ती थेट इब्रा गावाला. ऊन असं की बॉनेटवर घावणे निघाले असते. सिग्नलला थांबलो तर एक उंट माझ्या गाडीच्या सावलीत येऊन बसला. खोटं वाटत असेल तर उंटाला विचारा.

अबू सालिमकडून आम्ही खजूर घेतो. त्याची मुलगी शाळेत इंग्रजी शिकवते, तीच दुभाषी झाली. त्याने चार शब्द गोड बोलावेत म्हणून मी आधी काजूची पेटी पुढे केली. इकडे आमची संध्याकाळ, तिकडे म्हातारीची सकाळ. कॉल लागला आणि अबू सालिमने तोंड सोडलं.

"हा माणूस म्हणजे ताप आहे," मुलगी शब्दन् शब्द सांगू लागली. "एक मुंगी दिसली, अख्खी पेटी परत. कुठल्या बागेतला खजूर, ते खोक्याखोक्यावर लिहायला लावतो. ट्रक उन्हात उभा करू देत नाही. माझ्या ड्रायव्हरला चहा प्यायची चोरी."

"अबू सालिम, बस करो," मी कुजबुजलो.

"थांब, कोल्ड रूमचं राहिलं. माझेच खजूर बघायला गेलो, तर मला चपला काढायला लावल्या."

माझी नोकरी अरबी समुद्र ओलांडून रत्नागिरीला पोचलेली मला स्पष्ट दिसली.

म्हातारीने विचारलं, "मग त्याला माल देता कशाला?"

अबू सालिम काजू चघळत म्हणाला, "माझ्या खजुराला इतकं माझी पोरंही जपत नाहीत."

म्हातारीने पेन उचललं. मग म्हणाली, "मिस्टर सावंत, पत्ता पाठवा."

असं सिरप आज अख्ख्या आखातात दुसरीकडे नाही. असलं तरी मी मानत नाही. अर्बाब पाहुण्यांना सांगतो, त्यानेच शोधलं. सांगू दे.

रेफरन्स द्यायचा तर कौतुक करणाऱ्याचा देऊ नये. ज्याला आपण मनापासून छळलंय, त्याचा द्यावा.