गणपतींच्या पाठीमागे एक दिवस
ओल्या शाडूचा वास आला, की सर्व्हरचा बॅकअप त्याच सर्व्हरमध्ये ठेवणारा महामूर्ख मला आठवतो; तो मीच. पेणला मेव्हण्याच्या गणपती कारखान्यात एक जुनाट लिनक्स सर्व्हर होता आणि कोणाची कुठली मूर्ती, ही सगळी नोंद त्यातच होती. रोह्याच्या कंपनीतला मी स्वयंघोषित तज्ज्ञ. "आधी बॅकअप, मग अपग्रेड" असं व्याख्यान झोडून कामाला बसलो. अपग्रेड अर्ध्यावर अडकलं, डिस्क वाचेनाशी झाली, आणि चतुर्थी आठ दिवसांवर! मेव्हणा मटकन खालीच बसला. मूर्तींचे डोळे रेखणाऱ्या मावशींनी मात्र कुंचलासुद्धा थांबवला नाही. "मूर्तीच्या पाठी नावाच्या चिठ्ठ्या हायत. एकेक वाचा नि वहीत लिवा. हातानं लिवता येतं ना, सायेब?" मग दिवसभर मी वाकून अष्टमी, निडी, गागोदे अशा गावांच्या गिऱ्हाइकांची नावं उतरवत राहिलो, एकाही गणपतीच्या समोर जायची हिंमत झाली नाही. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्यात नवल काय? घराची जादा किल्ली घरातल्याच कपाटात ठेवणारे तुम्हीच ना?"